जुन्या पेट्रोल गाडीला सीएनजी किट: नागपुरात परवडतं का, ते असं ठरवा

मेडिकल चौकाकडच्या एका गॅरेजात मी माझी २०११ची हॅचबॅक घेऊन गेलो आणि विचारलं, "सीएनजी किट लावायचं आहे, किती लागतील?" मिस्त्रीनं हातातला पाना न थांबवता उलट मलाच विचारलं, "महिन्याले किती चालते जी गाडी?"

"असेल सातशे-आठशे."

"असेल नाही जी. पाहून सांगा."

घरी येऊन मागच्या दोन सर्व्हिसिंगच्या पावत्या काढल्या. दोन्हींवर मीटरचं रीडिंग होतं. वजाबाकी केली, महिन्यांनी भागलं, तर आकडा आला ४२५. मनातल्या मनात मी गाडी जवळपास दुप्पट चालवत होतो! किट बसवावं की नाही याची सुरुवात इथून होते, किटच्या किमतीपासून नाही. म्हणून पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्यांसाठी, मी ज्या क्रमानं शिकलो त्याच क्रमानं सांगतो.

पायरी १: खरे किलोमीटर आणि खरं ॲव्हरेज

सर्व्हिसिंगच्या पावत्या नसतील तर टायर बदलताना कुठेतरी रीडिंग लिहिलेलं असतं, ते शोधा. तेही नसेल तर आजचं रीडिंग मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि एक महिना थांबा. एवढी वर्षं थांबलात, महिनाभरानं काही बिघडत नाही.

ॲव्हरेज काढायची पद्धत जुनीच: टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा कट झाली की थांबवा, ट्रिप मीटर शून्य करा. दोन-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा, त्याच पंपावर तशीच पुन्हा फुल करा आणि चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरनी भागा. गाडी नवी असताना "अठरा देत होती" ही आठवण इथे चालत नाही. एक तर इंजिन म्हातारं झालं. दुसरं म्हणजे आता पंपावर जे मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच. माझी गाडी शहरात १५ देते. सिताबर्डीत संध्याकाळी शिरलो तर तेवढीही नाही.

पायरी २: दोन भावांमधली दरी पाहा

मुंबई-पुण्याचे नातेवाईक फोनवर सांगतात, "अरे, सीएनजी लाव, अर्ध्या खर्चात चालते." त्यांचं गणित त्यांच्या गावचं. नागपूरची गोष्ट वेगळी राहिली आहे. आपल्याकडे अनेक वर्षं गॅस पाइपलाइननं आलाच नाही. तो अतिथंड द्रवरूपात, एलएनजी म्हणून, टँकरनं शेकडो किलोमीटर दुरून यायचा आणि इथे त्याचा पुन्हा वायू करून सीएनजी म्हणून विकला जायचा. वाहतूक आणि ही सगळी उठाठेव ग्राहकाच्या खिशातून. मार्च २०२२ मध्ये नागपुरात सीएनजीचा किलो १२० रुपयांवर गेला होता. तेव्हा इथला सीएनजीचा किलो पेट्रोलच्या लिटरपेक्षा महाग होता, आणि ज्यांनी नुकतंच किट बसवलं होतं ते डोक्याला हात लावून बसले होते. पुढे भाव उतरला, पण तो धडा विसरू नका.

एक लक्षात घ्या: सीएनजी किलोनं मिळतो, पेट्रोल लिटरनं. एका किलो सीएनजीत एका लिटर पेट्रोलपेक्षा जास्त ऊर्जा असते, त्यामुळे गाडी किलोला साधारण १.३ ते १.४ पट चालते. पेट्रोलवर १५ देणारी गाडी सीएनजीवर २० च्या आसपास. म्हणून नुसत्या पाट्यांवरचे भाव शेजारी ठेवून तुलना करू नका, किलोमीटरचा खर्च काढा.

पायरी ३: कागदावर हिशोब

मी हिशोबासाठी पेट्रोल १०४ रुपये लिटर, सीएनजी ९० रुपये किलो आणि किट सगळ्या खर्चासकट ५५,००० रुपये धरतो. तुम्ही ज्या दिवशी वाचाल त्या दिवशीचे भाव आणि तुम्हाला मिळालेलं कोटेशन टाका. रीत तीच राहील.

पेट्रोलवर: १०४ भागिले १५, म्हणजे किलोमीटरला ६ रुपये ९३ पैसे.
सीएनजीवर: ९० भागिले २०, म्हणजे ४ रुपये ५० पैसे.
बचत: किलोमीटरला २ रुपये ४३ पैसे.

आता ५५,००० ला २.४३ नं भागा. साधारण २२,६०० किलोमीटर. एवढं चालल्यावर किट फुकट झालं, त्यानंतरची बचत तुमची. महिन्याला १,५०० किलोमीटर चालवणाऱ्याला सव्वा वर्ष लागेल. माझ्यासारख्या ४२५ वाल्याला जवळपास साडेचार वर्षं.

आता याच हिशोबात सीएनजीचा २०२२चा १२० रुपये भाव टाकून पाहा, बाकी सगळं तसंच ठेवून. बचत उरते किलोमीटरला ९३ पैसे आणि किट फिटायला लागतात ५९,००० किलोमीटर. भावातला ३० रुपयांचा फरक, आणि मुदत अडीच पटीहून जास्त. म्हणून मी लोकांना सांगतो की आजच्या भावानं एकदा आणि दहा-पंधरा रुपये वाढवून एकदा, असा दोनदा हिशोब करा. दुसऱ्यांदाही परवडत असेल तरच पुढच्या पायरीवर या.

पायरी ४: पंप तुमच्या वाटेवर आहे का?

हे कोणी सांगत नाही आणि नागपुरात सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. सीएनजीचे पंप पेट्रोल पंपांसारखे चौकाचौकात नाहीत. ६० लिटर पाणी-क्षमतेच्या सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात आठेक किलो गॅस बसतो, म्हणजे एका भरण्यात १६० किलोमीटर. पेट्रोलची टाकी महिन्यातून दोनदा भरणाऱ्याला आता चार-पाच दिवसांनी रांग.

समजा पंप तुमच्या रस्त्यापासून सहा किलोमीटर आत आहे. जाऊन-येऊन १२ किलोमीटर नुसते गॅस भरायला. १६० पैकी कामाचे राहिले १४८. तेवढ्याला पेट्रोल लागलं असतं १,०२६ रुपयांचं, गॅस गेला ७२० चा. बचत ३०६ रुपये. पंप वाटेवर असता तर १६० किलोमीटरमागे ३८९ वाचले असते. म्हणजे पंचमांश बचत पंपाच्या वाटेवरच सांडली. रांगेत अर्धा तास उभं राहून शेजारच्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ले तर ती प्लेट वेगळी.

तेव्हा एक काम करा. नकाशावर पंप शोधून समाधान मानू नका. तुम्ही ज्या वेळी भरणार त्याच वेळी त्या पंपावर दोन-तीनदा जाऊन या. ऑटोवाल्यांना विचारा: गॅस कधी संपतो, प्रेशर कधी कमी असतं? त्यांच्याइतकी पक्की माहिती कोणाकडेच नसते. उन्हाळ्यात पहाटे भरलं तर थोडा जास्त गॅस बसतो, दुपारच्या ४५ अंशांत टाकी तापलेली असते आणि २०० बार दाब लवकर गाठला जाऊन गॅस कमी बसतो. पैसे किलोचेच लागतात, त्यामुळे फसवणूक नाही, पण फेरी लवकर मारावी लागते.

"पुढच्या वर्षी इथेच पंप येणार आहे" या वाक्यावर किट बसवू नका. आपलं शहर पर्यायी इंधनाची प्रयोगशाळा आहे. २०१४ मध्ये इथेनॉलच्या हिरव्या बस आल्या, २०१८ मध्ये थांबल्या. २०१७ मध्ये विजेच्या टॅक्स्या वाजतगाजत आल्या. २०२१ मध्ये कामठी रोडला एलएनजीचा पंप सुरू झाला. नव्या गोष्टींचा मला आनंदच आहे, पण माझ्या डिकीतला सिलिंडर आज सुरू असलेल्या पंपावरच भरायचा आहे.

पायरी ५: गाडीचं वय

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करता येतं. जुन्या गाड्यांवर सरसकट बंदी आपल्याकडे नाही. पण एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, त्यावर पर्यावरण कर वेगळा, आणि पासिंगला नेण्याआधीची डेंटिंग-पेंटिंग, टायर, दिवे हा खर्च त्याहून मोठा. आरसीवर वैधतेची तारीख पाहा. किट फिटण्याआधीच ती तारीख येत असेल तर हा सगळा खर्च हिशोबात टाका. गाडी विकायचं मनात असेल तर विचारच सोडा, घेणारा किटचे फार तर निम्मे पैसे मोजतो.

पायरी ६: आधी इंजिन दाखवा

ही पायरी गाळू नका, राजेहो. त्या मिस्त्रीनं माझ्या गाडीचे तिन्ही प्लग काढले. एका भोकात कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायचा गेज बसवला आणि मला सांगितलं, "एक्सिलेटर पूर्ण दाबा अन् सेल्फ मारा." इंजिन खो-खो करत चार-पाचदा फिरलं, काटा १६० वर थांबला. इंजिनाच्या दुसऱ्या सिलिंडरला १५५. तिसऱ्याला सेल्फ मारला तर काटा १२० वरच रेंगाळला. त्यानं काही न बोलता चमचाभर इंजिन ऑइल त्या भोकात सोडलं आणि पुन्हा सेल्फ मारायला लावला. काटा १४५ वर गेला.

"तेलानं चढला, म्हणजे रिंगा गेल्या. चढला नसता तर व्हॉल्व्हचं काम होतं. तुमच्या गाडीले गॅस नाही, रिंगा पायजे जी."

इंजिनाच्या सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर आधी इंजिन नीट करा. थकलेलं इंजिन पेट्रोलवर कसंबसं ओढतं. सीएनजीवर मुळातच ताकद दहा टक्क्यांच्या आसपास कमी होते, मग ते चढावर दम टाकतं आणि दोष किटला लागतो. शिवाय सीएनजी कोरडं इंधन आहे, व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटांची झीज वाढते. त्यासोबत टॅपेट, इग्निशन कॉइल, प्लगच्या वायरी, रेडिएटर आणि मागचे शॉकअप-स्प्रिंग पाहून घ्या. गॅसच्या सिलिंडरचं साठेक किलो वजन डिकीत कायमचं बसणार आहे. सामानाची जागाही गेली, लग्नसराईत चंद्रपूरला सहकुटुंब जायचं असेल तेव्हा ती आठवते.

पायरी ७: कोणतं किट

थोडक्यात सांगतो. कार्बोरेटरच्या फार जुन्या गाड्यांना व्हेंच्युरीचं किट (गॅस हवेच्या नळीतच मिसळणारं) लागतं, ते स्वस्त. पण इंजेक्शनच्या गाडीला सिक्वेन्शियलच घ्या. त्यात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र गॅस इंजेक्टर आणि वेगळा ईसीयू (छोटा संगणक) असतो. पैसे वाचवायला इंजेक्शनच्या गाडीत व्हेंच्युरी घालून देणारे भेटतात, पण त्यात गॅस आधीच हवेच्या नळीत भरून राहतो आणि उलटा भडका होऊन एअर फिल्टरची पेटी फुटल्याची उदाहरणं गॅरेजवाले स्वतःच सांगतात.

कोटेशन घेताना विचारा: रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा) आणि इंजेक्टर कोणत्या कंपनीचे, सिलिंडर नवा की जुना, टायमिंग ॲडव्हान्सर (ठिणगीची वेळ गॅसला जुळवणारा) यात धरला आहे का, आरटीओचा खर्च आत की बाहेर? जुना सिलिंडर स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. बीएस-६ गाड्यांनाही ऑगस्ट २०२२च्या अधिसूचनेपासून मान्यताप्राप्त किट बसवता येतं, पण नव्या गाडीची वॉरंटी त्यात जाऊ शकते, ते आधी शोरूमला विचारा.

पायरी ८: कागद

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "आधी बसवून घेऊ, आरटीओचं पुढे कधीतरी पाहू." मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली इंधन बदलणं हा गाडीतला फेरफार आहे आणि त्याची नोंद आरसीवर झालीच पाहिजे. बदल केल्यावर १४ दिवसांच्या आत कळवायचं असतं. कर्जाची गाडी असेल तर बँकेची लेखी परवानगी आधी घ्या.

बसवणाऱ्याकडून ही कागदं हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका: जीएसटीचं बिल, तुमच्या मॉडेलला किट मंजूर असल्याचं प्रमाणपत्र, बसवल्याचं प्रमाणपत्र आणि सिलिंडरच्या तपासणीचा दाखला. दाखल्यावरचा नंबर सिलिंडरवर कोरलेल्या नंबरशी स्वतः टॉर्च लावून जुळवा. माझ्या ओळखीत एकाचा नंबर जुळला नव्हता, त्याला तीन महिने खेटे घालावे लागले. गाडी एमएच ३१, ४० की ४९, जिथली नोंद आहे त्याच कार्यालयात काम होतं. "कोणत्याही आरटीओत करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला नमस्कार करा.

सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं केलेली तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. तारखेची पट्टी गाडीवर असते, ती उलटून गेली तर पंपावर गॅस नाकारतात. गंमत म्हणजे या सिलिंडरांना मान्यता देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे.

विमा कंपनीलाही कळवा. स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तर किटसाठी त्याच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जादा प्रीमियम लागतो, थर्ड पार्टीसाठी वेगळे ६० रुपये. ५०,००० च्या किटला वर्षाचे दोन हजार झाले, हेही हिशोबात धरा. न कळवता किट बसवलं आणि उद्या गाडीला आग लागली तर दावा नाकारायला कंपनीला कारण आयतंच मिळतं.

पायरी ९: बसवल्यावर

गाडी सकाळी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन गरम झालं की गॅसवर जाते. त्यामुळे पेट्रोलचा खर्च शून्य होत नाही. टाकीत पाव टाकी तरी पेट्रोल ठेवा. त्यातला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, कोरड्या टाकीत तो जळतो. आठवड्यातून आठ-दहा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा.

पहिल्या हजार किलोमीटरनंतर ट्यूनिंगला परत न्या, गॅसचा फिल्टर, एअर फिल्टर आणि प्लग वेळेवर बदला. वास आला तर काचा उघडा, इंजिन बंद करा, दिव्याच्या बटणांना हात लावू नका आणि सिलिंडरवरचा हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या दिशेनं बंद करा. तो व्हॉल्व्ह कुठे आहे हे किट बसवलं त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. माझ्या मेहुण्यानं सहा महिने दाखवला नव्हता.

एलपीजीचं काय?

ऑटो एलपीजीचं किट स्वस्त, टाकी स्टेपनीच्या जागी बसते, डिकी वाचते. पण लिटरला गाडी पेट्रोलपेक्षा कमीच चालते आणि पंप कमी होत चाललेत. घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस भरून देणारे अड्डे बेकायदा आहेत आणि जीवघेणेही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचून राहतो, ठिणगी लागली की संपलं. तिकडे पाहूही नका. जुन्या स्कूटरला किट लावायचं असेल तर स्कूटर विका.

मेहुणा मनीषनगरहून बुटीबोरीला रोज जातो, महिन्याचे पंधराशे किलोमीटर, पंप वाटेवर, गाडी २०१७ची. त्यानं किट बसवलं आणि पंधराव्या महिन्यात मला फोन करून सांगितलं की फिटलं. मी इंजिनाच्या तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगा बदलून घेतल्या. गाडी आता सोळा देते.